बसलेला हात

(प्रस्तावना)

तालीम चालू होती. ठाण्यातल्या एका सोसायटीच्या गणेशोत्सवासाठी आम्ही सहा-सात जण जुन्या मराठी-हिंदी गाण्यांचा कार्यक्रम बसवत होतो. तबला, पेटी, दोन गायिका, एक गायक आणि गिटारवर मी. तिसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात पेटीवाल्या काकांनी भाता थांबवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "अहो, तुमचे सूर बरोबर आहेत, लयही सुटत नाहीये. पण कॉर्ड बदलताना मधे भोक पडतंय."

मी म्हटलं, गाणं जरा जलद आहे. त्यांनी लय उतरवली. भोक तिथेच राहिलं. त्या रात्री मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेली तालीम कानाला लावून ऐकली. 'जी'वरून 'सी'वर जाताना दर वेळी अर्ध्या मात्रेपुरतं काहीच वाजत नव्हतं. बोटं एक घर सोडून दुसऱ्या घरी पोचेपर्यंत तारा नुसत्या थरथरत होत्या. हे २०१५ सालचं. तोवर मी चोवीस वर्षं गिटार वाजवत होतो आणि ते भोक चोवीस वर्षांचं होतं. मला ते कधी ऐकूच आलं नव्हतं, कारण ते माझ्या वाजवण्याचाच भाग झालं होतं. आपल्याच घरातला वास जसा आपल्याला येत नाही, तसं.

हे पुस्तक त्या भोकाविषयी आहे. गिटार पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांसाठी मराठीत आणि इंग्रजीत पुष्कळ पुस्तकं आहेत. हे त्यांच्यासाठी नाही. ज्यांनी कधीतरी, कुठेतरी, कुणाचं तरी बघून गिटार उचलली, चार-पाच कॉर्डवर शंभर गाणी वाजवली, मित्रांत वाहवा मिळवली आणि आता चाळिशी-पन्नाशीत ज्यांना जाणवतंय की आपला हात एका जागी येऊन थांबलाय, त्यांच्यासाठी हे आहे. विषय एवढाच : तीच कॉर्ड, तेच सूर, पण बोटं वेगळी. ऐकायला क्षुल्लक वाटतं. करायला लागल्यावर कळतं की नवीन वाद्य शिकणं याहून सोपं.

माझा हात बसला तो सांगलीत, कॉलेजच्या वसतिगृहात, १९९१ साली. गिटार खोलीतल्या मित्राची. तिच्या तारा मानेपासून इतक्या उंच होत्या की बाराव्या फ्रेटपाशी तारेखालून पेन्सिल सरकायची. तारांच्या या उंचीला गिटारवाले 'ॲक्शन' म्हणतात, हे मला दहा वर्षांनी कळलं. त्या वेळी एवढंच कळत होतं की बोटं दुखतात आणि करंगळीने दाबलं तर सुराऐवजी 'टक्' असा आवाज येतो. शिकवायला कुणी नव्हतं. होती ती झेरॉक्सची झेरॉक्स काढलेली एक वही. तिच्यात सहा उभ्या रेघा, आडव्या रेघा आणि काळे ठिपके. ठिपका सांगायचा की इथे दाबा. कोणत्या बोटाने, ते सांगणारे आकडे झेरॉक्सच्या तिसऱ्या पिढीत काळ्या डागांत विरून गेले होते. मग ज्या बोटात जोर होता ते बोट मी तिथे ठेवलं. 'जी मेजर' मी मधलं बोट सहाव्या तारेवर, तर्जनी पाचव्या तारेवर आणि अनामिका पहिल्या तारेवर ठेवून वाजवू लागलो. करंगळी बाहेरच राहिली. पुढची चोवीस वर्षं ती बाहेरच होती.

तालमीनंतरच्या महिन्यात एका ओळखीच्यांनी मला वसईच्या एका सरांकडे पाठवलं. सर सत्तरीचे, मुंबईच्या ऑर्केस्ट्रांत आयुष्य काढलेले. मी चूक कबूल करायच्या तयारीने गेलो होतो. त्यांनी मला 'जी' धरायला लावला, मग 'सी', परत 'जी'. पाच मिनिटं नुसतं हेच. मग म्हणाले, "पहिली गिटार कशी होती तुझी?"

मी वर्णन केलं. ते हसले. "मग बरोबर आहे की. त्या गिटारवर करंगळीचा आवाज आलाच नसता. तुझ्या हाताने तेव्हा शहाणपणा केला. पुढे गिटार बदलली, पण हाताला ते कुणी सांगितलंच नाही."

या पुस्तकात जे काही आहे, ते त्या एका वाक्याचं स्पष्टीकरण समजा.

आता तो 'जी' आणि 'सी' जरा जवळून पाहू. 'सी मेजर'ला अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, मधलं बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आणि तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर असते. माझ्या जुन्या 'जी'वरून इथे यायचं तर तिन्ही बोटं उचलायची, हवेत त्यांची अदलाबदल करायची आणि तीन नव्या जागी उतरवायची. आता तोच 'जी' असा धरून पाहा : अनामिका सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, मधलं बोट पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, करंगळी पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर. सूर तेच. पण 'सी'कडे निघताना अनामिका आणि मधलं बोट, दोघं आपसातलं अंतर न मोडता, फक्त एक तार खाली सरकतात. करंगळी उठते, तर्जनी बसते. झालं. माझं चोवीस वर्षांचं भोक एवढ्या एका सरकण्याने बुजणारं होतं.

यातून एक गोष्ट निघते आणि ती कुठल्याही ठिपक्यांच्या वहीत लिहिलेली नसते. कॉर्डची बोटं त्या कॉर्डवरून ठरत नाहीत. आधी कुठून आलो आणि पुढे कुठे जायचंय यावरून ठरतात. मुंबईच्या लोकलने रोज जाणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. दादरला उतरायचं असेल तर तो आधीच्या स्टेशनांपासूनच दाराकडे सरकू लागतो, आणि दादरला फलाट कोणत्या बाजूला येणार ते त्याला चढतानाच ठाऊक असतं. आत बसायला जागा आहे का, हा त्याच्या दृष्टीने दुय्यम प्रश्न. मी मात्र प्रत्येक कॉर्डमध्ये ऐसपैस बसत होतो आणि स्टेशन आल्यावर धावत सुटत होतो.

दुसरं उदाहरण 'ए मेजर'चं. चौथी, तिसरी आणि दुसरी या तीन तारा, तिन्ही दुसऱ्याच फ्रेटवर. एका खोलीत तीन पाहुणे. बहुतेक जण तर्जनी, मधलं, अनामिका अशी ओळीने बोटं लावतात. पण मधलं बोट चौथ्या तारेवर, तर्जनी तिसऱ्या तारेवर आणि अनामिका दुसऱ्या तारेवर असं लावलं, तर एक गंमत होते. 'डी मेजर'मध्ये तर्जनी तिसऱ्या तारेच्या दुसऱ्याच फ्रेटवर असते, म्हणजे 'ए'वरून 'डी'वर जाताना तिला हलायचं कारणच नाही. 'ई मेजर'मध्ये ती त्याच तिसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला असते, म्हणजे तारेवरून न उठता एक घर मागे घसरायचं. 'ए', 'डी', 'ई' या तीन कॉर्डवर उभी असलेली किती गाणी आहेत! त्या सगळ्या गाण्यांत एक बोट तिसरी तार सोडतच नाही. अंधारात जिना उतरताना कठड्यावर ठेवलेल्या हातासारखं ते काम करतं.

हे कळल्यावर मला वाटलं की आता आठवड्याभरात काम फत्ते. इथे माझी पहिली फसगत झाली. एका मिनिटात 'जी' आणि 'सी' यांची किती वेळा स्वच्छ अदलाबदल होते, ते घड्याळ लावून मोजायचं, असा सरांचा नियम. जुन्या बोटांनी माझा आकडा ३८ होता. नव्या बोटांनी पहिल्या दिवशी ९. चोवीस वर्षं वाजवणारा माणूस चार दिवसांच्या नवशिक्यापेक्षा हळू झाला. स्वयंपाकघरातून आवाज आला, "अरे, जुनं बरं वाजवायचास की!" आणि ते खरं होतं. पुन्हा शिकणाऱ्याचा सगळ्यात मोठा शत्रू आळस नव्हे. जुनं बरं वाजतं, हा शत्रू. नवशिक्यासमोर वाईट आणि बरं यांतली निवड असते. आपल्यासमोर असते ती बरं आणि काही महिन्यांनी येऊ शकणारं चांगलं यांतली.

अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४२ साली प्रसिद्ध केलेले पाण्याच्या भांड्यांचे प्रयोग इथे आठवतात. वेगवेगळ्या मापांची तीन भांडी वापरून ठरावीक पाणी मोजून काढायचं, अशी कोडी. सुरुवातीची काही कोडी एका लांबलचक रीतीनेच सुटायची. मग अशी कोडी दिली जायची की जी दोन भांड्यांत, सरळ सुटावीत. ज्यांनी आधीची कोडी सोडवली होती ते बहुतेक जण तरीही लांबच्याच रीतीने जात राहिले. ज्यांना ती रीत माहीतच नव्हती, त्यांना सोपी वाट लगेच दिसली. लांबची रीत चुकीची नव्हती. उत्तर बरोबर यायचं. म्हणूनच ती सुटत नव्हती. माझा 'जी'सुद्धा बरोबरच वाजत होता.

आपल्या भाषेत यासाठी एक क्रियापद आहे, आणि मला वाटतं सगळा विषय त्याच्या पोटात आहे. 'बसणे'. सराव होऊन गेला की हात बसतो. पाढे बसतात, चाल बसते, गाणं बसतं, नाटक बसवलं जातं. पण ओरडून ओरडून आवाजही बसतो. गिऱ्हाईक तुटलं की धंदा बसतो. जमीन खचली की भिंत बसते. एकच क्रियापद कसब स्थिरावल्याचंही सांगतं आणि खचल्याचंही. माझा हात कोणत्या अर्थाने बसला होता? दोन्ही. आणि तो पहिल्या अर्थाने पक्का बसला होता, म्हणूनच दुसऱ्या अर्थाने बसला. या पुस्तकाचं नाव तिथून आलं.

बोटांची ही उठबस फक्त गिटारवाल्यांची नाही. रेमिंग्टनच्या मांडणीवर मराठी टंकलेखनाच्या परीक्षा दिलेल्या माणसाला संगणकावर इन्स्क्रिप्टची मांडणी देऊन पाहा. अक्षरं तीच, भाषा तीच, पण डोळे कळफलकावरून उठत नाहीत. पाश्चात्त्य वाद्यसंगीतात तर एका आख्ख्या पिढीची बोटं बदलली. कार्ल फिलिप इमान्युएल बाख याने १७५३ साली कळफलकाची वाद्यं वाजवण्याविषयीच्या आपल्या ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. त्यात त्याने वडील योहान सेबास्टियन बाख यांची एक आठवण दिली आहे. वडिलांच्या तरुणपणी मोठमोठे वादकही अंगठा जवळपास वापरतच नसत. हात फार ताणावा लागला तरच तो कामाला यायचा. लांब, मधली बोटं एकमेकांना ओलांडत पट्ट्यांवरून फिरायची. नव्या संगीतात स्वर बदलले, काळ्या पट्ट्यांचा वावर वाढला आणि अंगठ्यावाचून भागेना. मुलाने आपल्या ग्रंथात अंगठ्याला मुख्य बोटाचा मान दिला. जुने वादक अडाणी नव्हते. त्यांच्या संगीताने त्यांना अंगठा मागितलाच नव्हता. बोटं कधीच नुसती चूक किंवा बरोबर नसतात. ती कशाचं तरी उत्तर असतात.

पुन्हा शिकणाऱ्यांच्या गोष्टी सांगताना गिटारच्या जगात दोन नावं हमखास येतात. जँगो राइनहार्ट हा बेल्जियममध्ये जन्मलेला जिप्सी वादक. १९२८ साली, अठराव्या वर्षी, राहत्या गाडीला लागलेल्या आगीत त्याच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी कायमची आखडली. उरलेल्या दोन बोटांवर त्याने सगळी गिटार नव्याने रचली. ती आखडलेली बोटं तो कॉर्ड धरताना जमेल तेवढी टेकवायचा. १९३४ साली पॅरिसमध्ये उभ्या राहिलेल्या पंचकामुळे तो युरोपभर पोचला. दुसरा बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी. डावखुरा, म्हणून तारा दाबायचा हात उजवा. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात त्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं तुटली. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला राइनहार्टची ध्वनिमुद्रिका ऐकवली. मग त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे तारा सैल करून सूर खाली उतरवले, आणि ब्लॅक सबाथ या त्याच्या बँडचा तो जड, काळा आवाज त्यातून निघाला.

या गोष्टी स्फूर्तीसाठी सांगतात. मला त्यांत वेगळंच दिसतं. त्या दोघांपुढे परतीची वाट नव्हती. जुनी बोटंच गेली होती, त्यामुळे जुनी सवय हाकेला येऊच शकत नव्हती. आपलं तसं नाही. आपली पाचही बोटं शाबूत आहेत आणि जुना 'जी' दारात उभा आहे, बोलावलं की हजर. म्हणून त्यांच्यापेक्षा आपलं काम सोपं आहे असं कुणी म्हणालं, तर या एका बाबतीत ते खरं नाही.

ही अडचण ओळखून जुनी वाट मुद्दाम बंद करणारा माणूस म्हणजे रॉबर्ट फ्रिप. किंग क्रिम्झन या इंग्रज बँडचा हा वादक. त्याने गिटारच्या तारा निराळ्याच सुरांत लावल्या. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत सी, जी, डी, ए, ई, जी. १९८५ साली सुरू केलेल्या 'गिटार क्राफ्ट' या शिबिरांत त्याने हीच जुळणी शिकवली. तिच्यावर ओळखीच्या कॉर्डचे आकार लावले तर भलतंच काहीतरी वाजतं. वीस वर्षं वाजवलेला आणि वीस दिवस वाजवलेला एका रांगेत. हात जुन्या घरी गेला तरी तिथे कुणी ओळखीचं नसतं.

आपल्याला एवढं टोकाला जायची गरज नाही, पण त्यातलं तत्त्व या पुस्तकात मी ठिकठिकाणी उसनं घेतलं आहे. नवी बोटं जुन्या गाण्यांत बसवू नका. जे गाणं तुम्ही हजार वेळा वाजवलंय, त्याची पहिली ओळ सुरू होताच जुना हात जागा होतो. त्याला त्या गाण्याची हाक ओळखीची आहे. नवं गाणं घ्या, जे जुन्या हाताने कधी वाजवलंच नाही. खुर्ची बदला. गिटार डाव्या मांडीवर घेऊन पाहा. कॅपो तिसऱ्या फ्रेटवर लावा, म्हणजे फ्रेट जवळजवळ येतील, तारा थोड्या मवाळ होतील आणि करंगळीला धीर येईल. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांमध्ये एकेकाळी सतार शिकलेले दोघे होते. सतारीत डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट हीच मुख्य. अनामिका आणि करंगळी बहुतेक रिकामी. त्यांच्या हातात मींडेची ताकद होती, पण ही दोन बोटं अगदी कोरी. गंमत म्हणजे कोरी असल्यामुळेच ती लवकर शिकली. त्यांना विसरायचं काहीच नव्हतं.

विसरणं हा शब्द मी वापरला खरा, पण विसरणं होत नाही. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांची गोष्ट आपण शाळेत अर्धीच शिकतो. घंटेसारख्या खुणेपाठोपाठ खाणं मिळत गेलं, की पुढे नुसत्या खुणेनेच लाळ सुटते, इथवर सगळ्यांना माहीत. पुढे पाव्हलॉव्हने खाणं बंद करून खूण देत राहून ती लाळ थांबवली. काही काळ मधे जाऊ दिला आणि पुन्हा खूण दिली, तर लाळ परत आली. सवय पुसली गेली नव्हती, दबली होती. माझ्या बाबतीत हे गणपतीच्या पाचव्या दिवशी घडलं. त्या तालमीनंतरच्या वर्षीचा कार्यक्रम, नव्या बोटांचा दहा महिन्यांचा सराव, आकडा ४४ वर. पहिली चार गाणी उत्तम गेली. पाचव्या गाण्यात माइक खरखरला, गायिकेने घाबरून माझ्याकडे पाहिलं, आणि माझं मधलं बोट आपोआप सहाव्या तारेवर जाऊन बसलं. भोक परत. पेटीवाल्या काकांनी चष्म्यावरून पाहिलं, बोलले काही नाहीत. मी घरी येऊन हताश झालो होतो. सरांना फोन केला तर म्हणाले, "भिऊ नको. जुना भाडेकरू आहे, मधूनमधून पत्रं घ्यायला येणारच. तू दार उघडून चहा पाजू नकोस म्हणजे झालं."

म्हणून या पुस्तकात 'जुनी सवय मोडा' असं तुम्हांला कुठेही आढळणार नाही. मोडण्याच्या नादात माणूस जुन्या गोष्टीकडेच लक्ष देत राहतो. नव्याची वाट इतकी मळायची, की घाईत, भीतीत, थकव्यात पाय आपोआप तिथे वळतील. ती मळायला वेळ लागतो आणि तो वेळ तुकड्यांत द्यावा लागतो. १९७९ साली शे आणि मॉर्गन या दोघांनी केलेला एक प्रयोग शिकण्याच्या शास्त्रात प्रसिद्ध आहे. हाताच्या जलद हालचालींचे तीन क्रम शिकायचे. एका गटाने एकेक क्रम घोटून मग पुढचा घेतला, दुसऱ्याने तिन्ही उलटसुलट मिसळून केले. सराव चालू असताना घोटणारे पुढे होते. नंतर परीक्षा घेतली तेव्हा मिसळणारे पुढे गेले. त्यामुळे एकच बदल अर्धा तास घोटण्यापेक्षा 'जी–सी', 'ए–डी', 'ई मायनर–जी' असे तीन बदल आलटून पालटून दहा मिनिटं करा, असं या पुस्तकातल्या प्रत्येक पाठात सुचवलं आहे. त्या दहा मिनिटांत तुम्हांला आपण बिघडतोय असं वाटेल. वाटू द्या.

आणि आता जुन्या हाताच्या बाजूने थोडं. प्रत्येक जुनी सवय बदलायची नसते. माझाच जुना 'जी' घ्या. त्यात तर्जनी पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर असते. 'ई मायनर' तर्जनी आणि मधल्या बोटाने धरला तर तर्जनी जागची हलत नाही. म्हणजे 'जी'वरून 'ई मायनर'ला आणि परत, असं गाणं असेल तर जुना 'जी' आजही कामाचा. त्याच 'जी'मध्ये अनामिका दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर आणि करंगळी पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर ठेवली, तर 'डी'कडे जाताना अनामिका मुक्कामालाच असते. शास्त्रीय गिटारच्या शिस्तीत अंगठा मानेच्या मागेच हवा. पण जिमी हेंड्रिक्स अंगठा मानेवरून पुढे आणून जाड तार दाबायचा आणि उरलेली चार बोटं सुरावटीसाठी मोकळी ठेवायचा. एलिझाबेथ कॉटन ही अमेरिकेतली कृष्णवर्णीय वादक डावखुरी होती. उजव्या हाताच्या गिटारच्या तारा न बदलता तिने ती उलटी धरली. खर्ज बोटांनी आणि सूर अंगठ्याने, असं सगळं उफराटं. मधे अनेक दशकं तिने गिटार सोडून दिली होती, म्हातारपणी पुन्हा घेतली. तिची ती उलटी रीत पुढे तिच्याच नावाने ओळखली जाऊ लागली, आणि नव्वदीत तिला ग्रॅमी मिळालं. तिला कुणी सुरुवातीलाच 'सरळ' केलं असतं तर?

मग बदलायचं काय आणि ठेवायचं काय? मी स्वतःसाठी तीन ढीग केले आणि पुस्तकाचे तीन भागही तसेच झाले. पहिला ढीग दुखणाऱ्या सवयींचा : मनगट कमानीसारखं वाकवणं, अंगठ्याने मान आवळणं, गरजेच्या दुप्पट जोर लावणं. या बदलायच्याच, आणि दुखणं थांबत नसेल तर पुस्तक मिटून आधी डॉक्टरांकडे जायचं. दुसरा ढीग अडवणाऱ्या सवयींचा : ज्यांच्यामुळे भोक पडतं. माझा 'सी'कडे जाणारा 'जी' त्यातला. 'एफ'ची बार कॉर्ड टाळण्यासाठी गाणंच बदलणं, हेही त्यातलंच. चार तारांच्या लहान 'एफ'पासून पूर्ण 'एफ'पर्यंतची चढण या भागात पायऱ्या पाडून दिली आहे. तिसरा ढीग नुसत्या वेगळ्या सवयींचा. त्या ठेवायच्या, फक्त त्यांना जोड द्यायची, म्हणजे एका कॉर्डला दोन-दोन धरण्या हातात राहतील आणि गाणं बघून निवडता येईल. हा तिसरा भाग पुस्तकात सगळ्यात मोठा आहे. लिहायला घेतलं तेव्हा तो सगळ्यात लहान असेल असं मला वाटलं होतं.

पुस्तक वापरायची रीत सोपी. पाठ क्रमाने करायची सक्ती नाही. आधी स्वतःचं वाजवणं मोबाइलवर टिपा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी नको, कान ताजा हवा. भोक कुठे पडतं ते शोधा आणि त्या बदलाचा पाठ उघडा. डाव्या हाताचा सराव उजव्या हाताशिवायही करा : कॉर्ड धरायची, बोटं तारांपासून एक सुताएवढी उचलायची, पुन्हा सगळी एकदम ठेवायची. एकेक करून उतरणारी बोटं म्हणजेच भोक. आणि एक जुनं, आवडतं गाणं जुन्याच बोटांनी वाजवायला राखून ठेवा. हात रुसला की ते वाजवा. एवढी सवलत त्याला द्यावी. त्याने आपल्याला चोवीस वर्षं सांभाळलंय.

वसईच्या सरांचे आभार शब्दांत मावणारे नाहीत. नाव छापू नकोस, ही त्यांची अट पाळतो आहे. पेटीवाले काका ते एक वाक्य बोलले नसते तर हे पुस्तक नसतं. घरच्यांनी 'जी' आणि 'सी' हे दोनच सूर जगात आहेत असं मानून एक वर्ष काढलं.

शेवटची एक गोष्ट सांगून थांबतो. गेल्या वर्षी सांगलीला गेलो असताना त्या मित्राच्या घरच्या माळ्यावर ती गिटार सापडली. धूळ पुसली, नव्या तारा चढवल्या, सूर लावले. माझ्या नव्या, शहाण्या 'जी'ने सुरुवात केली. अनामिका ठीक, मधलं बोट ठीक, करंगळीने जीव खाऊन दाबलं आणि पहिल्या तारेतून आवाज आला, 'टक्'. मित्र म्हणाला, "तू वाजवायचास तसं वाजव ना." मी बोटं बदलली. मधलं, तर्जनी, अनामिका. छेडलं, तर सहाही तारा स्वच्छ वाजल्या.